दोन खड्डे तर खणायचेत

शनिवारी सकाळी सातला कोथरूड सोडायचं, असं शुक्रवारी रात्री आमच्याकडे एकमतानं ठरतं. प्रत्यक्षात साडेनऊला आम्ही चांदणी चौकात असतो आणि भुगाव आलं की मला आठवतं, शेडची किल्ली घरी फ्रिजवर राहिली. मग पुन्हा कोथरूड. आमच्या शेतीच्या कामांपैकी निम्मी कामं ही अशी पौड रस्त्यावरच होतात.

पौडच्या पुढे आमची ११ गुंठे जमीन आहे. त्यावर पत्र्याची शेड, पाण्याची काळी टाकी आणि आंब्याची चार कलमं आहेत. ऑफिसात मी याला फार्महाऊस म्हणतो. सातबाऱ्यावर त्यातले तीन गुंठे ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, दाखवलेत. खरेदीच्या दिवशी मी त्या शब्दाला खूप हसलो होतो. खणायला घेतल्यावर लक्षात आलं, की बाकीचे आठ गुंठे कोणीतरी निव्वळ भिडेपोटी वगळलेत.

तर, फाटक. कुंपणाला जागेच्या चारी बाजू मिळून ४४० फूट भरतात. आठ-आठ फुटांवर एक खांब धरला तरी ५५ खांब. म्हणून मी आधी फाटक करायचं ठरवलं. बायको म्हणाली, “अहो, पण तीन बाजू मोकळ्या असताना फाटक कशाला?” मी म्हणालो, “जागेला मालक आहे हे तरी कळेल.” यावर तिनं माझ्याकडे जसं पाहिलं, तसं ती एरवी फक्त मंडईत भाव ऐकून पाहते.

पिरंगुटला दहा फुटी, दोन पल्ल्यांचं लोखंडी फाटक करून घेतलं. करणारा म्हणाला, “बसवायला पोरं पाठवू का?” मी म्हणालो, “नको, दोन खड्डे तर खणायचेत.”

माझ्या आयुष्यातली सगळी संकटं या ‘तर’मधून आत शिरली आहेत. नळाचा वायसर तर बदलायचाय. माळ्यावरचा एक खोका तर काढायचाय. ‘तर’ म्हटल्यावर त्या दिवशी जेवण चारला होतं आणि कोणीतरी प्लंबरला फोन लावतं.

बोहरी आळीत जाऊन पहार, टिकाव, फावडं आणि दोन घमेली घेतली. दुकानदारानं पैसे मोजता मोजता माझ्या तळहातांकडे पाहिलं आणि न विचारता हातमोजे काढून ठेवले.

पहिल्या शनिवारी चार बोटं माती निघाली. मग मुरूम. मग पहारीचा असा काही आवाज आला, की हाताच्या झिणझिण्या थेट दाढेत गेल्या. बांधावर शेजारचे आबा उकिडवे बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, “काळा पाषाण लागला, सायेब.”

“किती खोल असेल हो?”

आबांनी समोरच्या सगळ्या डोंगररांगेवरून सावकाश नजर फिरवली आणि काहीच बोलले नाहीत. रात्री मुलीनं तेच भूगोलाच्या भाषेत सांगितलं. हा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला. म्हणजे डायनासोर गेले त्या सुमाराचा दगड, आणि त्यात मी चहाच्या आधी दोन फूट जाणार होतो.

दोन शनिवारांत एक खड्डा १४ इंच झाला. मुलीनं हिशेब मांडला : ५५ खांब, प्रत्येकी २४ इंच, शनिवारी ७ इंच, एकूण १८९ शनिवार. “साडेतीन वर्षांच्या वर, बाबा. पावसाळे सोडून.” शाळेत गणितात हिचे मार्क का जातात हे मला कळत नाही.

मी मात्र निराश झालो नाही. चांदणी चौकातला जुना पूल २०२२च्या २ ऑक्टोबरला पाडला, तेव्हा सहाशे किलो स्फोटकं लावूनही तो पुरता पडला नव्हता. उरलेलं काम पोकलेननं करावं लागलं होतं. या भागातल्या वस्तूंचा स्वभावच तसा. माझ्याकडे तर नुसती एक पहार होती.

तिसऱ्या शनिवारी आबा कोणाचा तरी ब्रेकर लावलेला ट्रॅक्टर घेऊन आले. वीस मिनिटांत दोन्ही खड्डे तयार. सोसायटीत मी “खड्डे झाले” एवढंच सांगितलं. कर्तरी की कर्मणी ते कोणी विचारलं नाही.

खांब उभे केले. सरळ आहेत का ते मी मोबाइलवरच्या लेव्हलनं पाहिलं : शून्य अंश. आबांनी सुतळीला दगड बांधून धरला आणि म्हणाले, “बोटभर डावीकडं कललाय.” दगड बरोबर होता. माझ्या मोबाइलचं कव्हर वाकडं होतं.

एकास दोनास चार असं काँक्रीट कालवलं, ओतलं, आणि मग आठवलं की त्याला निदान सात दिवस रोज पाणी मारावं लागतं. मालक तिथे आठवड्यातून दोन दिवस. म्हणजे सोमवार ते शुक्रवार मी ऑफिसातून आबांना फोन लावायचो. “पाणी पाजलं का? दुपारी परत पाजा. गोणपाट ओलं ठेवा, सुकू देऊ नका.” बुधवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, घरी कोणी सीरियस आहे का. मी “आता धोका टळलाय” म्हणालो आणि शुक्रवारची अर्धी रजा मिळवली.

पुढच्या शनिवारी पल्ले चढवले. बिजागऱ्यांना ग्रीस लावलं. बायकोनं नारळ आणला होता, तो फोडला. मग मी दोन्ही हातांनी फाटक आत ढकललं. ते दीड फूट उघडलं आणि जमिनीत रुतून बसलं.

आमची जागा रस्त्यापासून आत चढत जाते. हे मला माहीत होतं; त्या चढावरून मी चार शनिवार सिमेंट वाहिलं होतं. फक्त फाटकाचा आणि चढाचा काही संबंध असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

“बाहेर उघडायला पायजे व्हतं,” आबा म्हणाले.

“मग आधी नाही का सांगायचं?”

“मला वाटलं, तुमचं काय तरी डोकं असंल त्यात.”

तेव्हापासून गाडी रस्त्यावर उभी राहते. दीड फुटातून मी श्वास रोखून जाऊ शकतो, पण पाण्याचा जार हातात असेल तर जमत नाही. म्हणून आम्ही सगळे फाटकाला वळसा घालून शेजारच्या मोकळ्या बाजूनं आत येतो. कुलूप मात्र मी न चुकता लावतो. किल्ली फ्रिजवर असते.

गेल्या रविवारी दुपारी शेडमध्ये आडवा झालो होतो. कुरकुर आवाज आला म्हणून पाहिलं, तर आबांची म्हैस आतल्या बाजूनं फाटकाच्या खांबाला पाठ घासत होती. पाच-सहाशे किलोचं ते धूड सगळा भार टाकून रेलत होतं. आणि खांब जागचा हलत नव्हता. केसभरही नाही! मी बायकोला हाका मारून बाहेर बोलावलं.

“बघ,” मी म्हणालो, “काम बघ कसं झालंय.”

तिनं खांबाकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, मग म्हशीकडे.

“पण ही आत आली कुठून?”