भाड्यानं खोली द्या की हो

आज डोकं फिरलंय माझं, म्हणून लांबलचक लिहितेय. वेळ असेल त्यांनीच वाचा.

फौजीकाकांसाठी इथं सोलापुरात खोली ठरली होती. एक रूम, आत मोरी, संडास बाहेर कॉमन. डिपॉझिट आमच्या यांनी स्वतः नेऊन दिलं, अंथरूण, बादली, गॅसची छोटी शेगडी असं सगळं रिक्षात भरलं, आणि तेवढ्यात मालकांचा फोन, "वैनी, ते राहू द्या, तो माणूस स्टँडवर झोपत होता म्हणं." अहो, स्टँडवर झोपत होते म्हणूनच तर खोली पाहिजे ना! आणि हेच गृहस्थ 26 जानेवारीला दिवसभर जवानांचे व्हिडिओ टाकत होते, मीच लाइक केलेत.

काकांचं नाव लिहीत नाही. सतरा वर्षं शिपाई होते, त्यातली बरीच काश्मीरात, नंतर पुण्यात सिक्युरिटीचं काम. काकू गेल्या, दारू लागली, गावाकडं आले तर भावांनी घर वाटून घेतलेलं. मग आमच्या मेडिकलसमोर एसटी स्टँडच्या भिंतीला पथारी. बीपीच्या गोळ्या घ्यायला यायचे, दोन-दोनच घ्यायचे, पट्टी कधी नाही. एकदा दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं लष्कराचं डिस्चार्ज बुक दाखवलं तेव्हा कळलं हे कोण आहेत ते. पेन्शन? "बंद पडली ताई." वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला, मोबाईल चोरीला गेला, आणि ओटीपी त्या नंबरवर जाणार जो आता कुणाकडंच नाही.

मग एका ऑफिसात मी त्यांना घेऊन गेले. सर्व्हिस नंबर विचारला तर एका दमात सांगितला. नंतर फॉर्मवर पत्त्याचा रकाना आला आणि काकांचं पेन थांबलं. मला हळूच म्हणाले, "गावचं घर लिहू का? तिथं आता मला कोणी आत घेत नाही." पलीकडून आवाज, "आजोबा, लवकर, मागं लाइन आहे."

ते थांबलेलं पेन माझ्या डोळ्यांसमोरून जातच नाही. कारण पुढं सगळीकडं तेच झालं. आधारला पत्ता, सिमकार्डाला आधार, बँकेला दोन्ही. माजी सैनिकाला घरपट्टी माफ आहे आपल्याकडं, छान आहे, पण घरच नसेल तर माफ काय करणार? पेन्शन नसलेल्या, 65 च्या वरच्या शिपाई-हवालदारांना केंद्राकडून महिन्याला अनुदान मिळतं, नोव्हेंबर 2025 पासून ते 4,000 चं 8,000 झालं, पण त्यालाही अर्ज, कागद, खातं लागतंच. सरकार काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. करतं. पण भिंतीला पाठ लावून बसलेल्या माणसापर्यंत त्यातलं पोचतं किती?

आणि ते "आधी दारू सोडू दे, मग बघू" म्हणणारे! आमच्या घरातही आहेत. अहो, स्टँडवर रात्री एक डोळा उघडा ठेवून झोपावं लागतं, चप्पल उशाखाली, गोळ्या पावसात भिजून पीठ होतात, अशा ठिकाणी कोण सोडेल दारू? आधी दार, दाराला कडी, मग बाकीचं. उलटं होतच नाही.

हो, काका प्यायचे. रात्री ओरडायचेसुद्धा. मालकांच्या घरात लेकीबाळी आहेत, त्यांना भीती वाटली असेल, कळतं मला. बरं. पण मग मला विचारायचं होतं, भेटायचं होतं काकांना एकदा.

शहरात दर लाख लोकांमागं शंभर जणांचा एक कायमचा निवारा हवा असा नियम आहे. 2011 च्या जनगणनेत आपलं सोलापूर साडेनऊ लाखांचं होतं, तुम्हीच हिशोब करा. आणि आपल्याला जमत नाही असंही नाही. कुंभारीला रे नगरात विडी कामगार, यंत्रमागवाले, चिंध्या वेचणाऱ्या बायकांसाठी 30,000 घरांची वसाहत ठरली, जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या दिल्या. लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले तेव्हा झालं ते. एकट्या म्हाताऱ्या फौजीसाठी मोर्चा कोण काढणार.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. चांगलीही माणसं भेटली की. एक रिटायर्ड सुभेदारसाहेब स्वतःची कामं सोडून आमच्याबरोबर फिरले, राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीनं आधारचा पत्ता होतो हे त्यांनीच सांगितलं. त्या फॉर्मवर आमचा पत्ता घातला, काका किती वेळ तो रकाना वाचत होते. हयातीचा दाखला गेलाय, पेन्शन सुरू होईल, थकलेलीही मिळेल. पिणं पूर्ण सुटलेलं नाही, खोटं कशाला सांगू, पण कमी झालंय, आणि रोज सकाळी दाढी करून दुकानाचं शटर वर करायला येतात. वॉचमनचं काम मिळालं तर करीन म्हणतात.

सध्या दुकानाच्या मागच्या गोडाऊनमध्ये झोपतायत, तिथं खिडकी नाही. तर खोली पाहिजे. तळमजला, गुडघा दुखतो त्यांचा. सात रस्ता, होटगी रोड, पूर्वभाग, कुठंही चालेल. अ‍ॅग्रीमेंट आमच्या यांच्या नावावर करू, भाडं महिन्याच्या पाच तारखेच्या आत माझ्याकडून घ्या. आधी काकांना भेटा, चहा घ्या त्यांच्याबरोबर, मग हो-नाही सांगा. इनबॉक्स करा.