फोर्ट स्टिकीन जपान्यांनी उडवली नाही

एप्रिल उजाडला की तो फॉरवर्ड हटकून येतो: १४ एप्रिल १९४४ रोजी जपानी पाणबुडीने मुंबईच्या गोदीत इंग्रजांची युद्धनौका 'फोर्ट स्टिकीन' उडवली, सोन्याचा पाऊस पडून लोक रातोरात श्रीमंत झाले, आणि ही बातमी इंग्रजांनी कायमची दडपली. यातली तारीख आणि जहाजाचं नाव बरोबर आहे; बाकीच्यात खऱ्याखोट्याची सरमिसळ आहे.

युद्धनौका म्हणाल तर ते कॅनडात १९४२ साली बांधलेलं, युद्धाच्या मालवाहतुकीला जुंपलेलं मालवाहू जहाज. इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून कराचीमार्गे १२ एप्रिलला ते मुंबईत लागलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, लढाऊ विमानं, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गाठी. ही रचना करणाऱ्याला काय म्हणावं!

पाणबुडीचं तर बोलूच नका. जहाज उभं होतं ती व्हिक्टोरिया डॉक ही दरवाजे असलेली बंदिस्त गोदी. शिवाय आग दिसली दुपारी दोनच्या सुमारास आणि पहिला स्फोट झाला चार वाजून गेल्यावर. टॉर्पेडो असा दोन तास धुमसत बसत नाही. खालच्या गाठी पेटल्या होत्या, त्यांच्या वर स्फोटकं. बंबवाल्यांनी ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं, तरी आग हटेना. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा जहाजावर नव्हताच. जहाज जागीच बुडवायचं की बाहेर ओढून न्यायचं, यावर एकाही अधिकाऱ्याचा ठाम हुकूम सुटला नाही. त्या दिवशी ६६ अग्निशामकांचा जीव गेला. फॉरवर्डमध्ये त्यांचा उल्लेखही नाही. चौकशी आयोगाने घातपात नाकारला. संशय राहिला तो ओढून टाकलेल्या सिगारेटच्या थोटकावर.

सोनं मात्र खरंच होतं: ३१ पेट्यांत १२४ विटा, प्रत्येकी पावणेतेरा किलोच्या आसपास. एक वीट मैलभरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली. त्यांनी ती परत केली. गोदीतला गाळ उपसताना कित्येक वर्षांनीही विटा हाती लागल्या. वस्तीवर पाऊस पडला तो पेटत्या कापसाचा नि तापलेल्या लोखंडाचा.

राहिली बातमी. ती दडपली होती हे खरं, पण मे महिन्यापर्यंतच. आणि ज्या जपान्यांपासून लपवायची, त्यांच्याच बाजूच्या सायगाव रेडिओने ती १५ एप्रिललाच तपशीलवार सांगून टाकली होती.