म्हणे "ज्याला शिकायचंय तो शिकतोच"

चार दिवस झाले एकच मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. "स्कॉलरशिप, फी माफी बंद करा. ज्याला शिकायचंय तो दिव्याखाली बसून पण शिकतो, बाबासाहेब शिकलेच ना! पोरं पैसे मिळतात म्हणून कॉलेजला जातात, मुलींना तर आता सगळंच फुकट." खाली हात जोडलेले वगैरे.

बाबासाहेबांचं नाव काढलंय ना, मग आधी तेच. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजला बीए करताना सयाजीराव गायकवाडांची महिना 25 रुपये स्कॉलरशिप होती. 1913 ला कोलंबियाला गेले तेही बडोद्याच्याच पैशावर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. पुढं लंडनला शिकत होते आणि स्कॉलरशिपची मुदत संपली, 1917 ला अर्धवट सोडून यावं लागलं. हुशारी तीच, जिद्द तीच, फक्त पैसे नव्हते. परत जायला 1920 उजाडलं, तेही साठवलेले, मित्राकडून उसने घेतलेले आणि शाहू महाराजांनी दिलेले असे जमवून. दिव्याची गोष्ट सांगताना एवढं गाळू नका राव.

"पैसे मिळतात म्हणून जातात." अहो महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर, फॉर्म अ‍ॅडमिशन झाल्यावर भरायचा असतो, मी दरवर्षी गल्लीतल्या पोरांचे भरून देतो, पैसे कधी येतील ते कोणीच सांगत नाही. घरी निर्णय होतो तो आधीच, पहिल्या दिवशी किती भरायचे यावर. खोटे उत्पन्नाचे दाखले काढणारे असतात, मान्य, त्यांना पकडा की.

पैशाची आधीच खात्री असली की काय होतं ते अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीनं 2015 पासून करून बघितलंय. गरीब घरातल्या हुशार पोरांना पत्र पाठवलं, अ‍ॅडमिशन मिळाली तर चार वर्षं ट्यूशन फी माफ, मदतीसाठी वेगळे फॉर्म नाहीत. गंमत म्हणजे बहुतेकांना एरवीही फॉर्म भरून जवळपास तेवढीच मदत मिळाली असती! तरी पत्र न गेलेल्यांत अर्ज करणारे 26 टक्के आणि पत्रवाल्यांत 68, प्रत्यक्ष प्रवेश 12 वरून 27 टक्के. पैसे जवळपास तेच, फक्त आधी आणि पक्कं सांगितलं.

राहिलं मुलींचं "सगळं फुकट". 2024-25 पासूनची राज्य सरकारची ती सवलत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत, व्यावसायिक कोर्सला, कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश असेल तर. माफ काय, ट्यूशन आणि परीक्षा फी. मेस, रूम, डिपॉझिट, येणंजाणं घरचंच. आमच्या मागच्या गल्लीतल्या पोरीला पुण्यात इंजिनिअरिंगची सीट लागली होती, ट्यूशन फी शून्य, पण रूमचं डिपॉझिट आणि मेसचा अ‍ॅडव्हान्स एकदम जमेना म्हणून आता ती तालुक्यालाच बीएस्सी करतेय, आणि तिच्या काकांनीच काल हा मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकलाय.