आणखी एक पीळ

गोव्यात मे महिना उतरणीला लागला की घरोघर दोन कामं निघतात. एक पावसाळ्याचं पुरुमेंत, म्हणजे साठवणीचं सामान, भरायचं, दुसरं स्कूटरचं ऑइल बदलायचं. पहिल्या कामात घरातल्या जाणत्या बायका कोणाला बोट लावू देत नाहीत. दुसऱ्यात मात्र पाना हातात आला की जो तो मेस्त्री.

काम तसं किरकोळ. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून कोमट करायचं, गाडी मेन स्टँडवर लावायची, ड्रेन बोल्ट काढून काळं ऑइल परातीत सोडायचं, बोल्ट परत लावून नवं भरायचं. उत्साह उरलाच तर स्पार्क प्लगही बदलायचा, पण तो इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. यातलं सगळं कोणालाही जमतं, बोल्ट परत लावणं सोडून. तो घट्ट हवा याबद्दल अंगणातल्या सगळ्यांचं एकमत असतं. घट्ट म्हणजे किती, हे विचारलं की दातओठ खाऊन दाखवतात.

आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि मॅन्युअल डिकीच्या तळाशी, जुन्या पीयूसीच्या कागदांखाली, बहुधा प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट. ११० सीसीच्या बऱ्याच स्कूटरना १२ मिलिमीटर आट्यांच्या ड्रेन बोल्टसाठी २४-२५ न्यूटन मीटर (हे पिळाच्या जोराचं माप) सांगितलेले असतात. म्हणजे वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला जेमतेम १२ किलोचा जोर. आता एखादा सत्तर किलोचा गडी त्याच पान्यावर पाय देऊन उभा राहिला, तर बोल्टला १३५ च्या वर न्यूटन मीटर मिळतात. वर सोप्यावर बसलेले काका आहेतच: "दे रे बाबा, आणखी एक पीळ दे. पावसात गळलं तर?"

गळणं हे पीळ कमी पडल्यामुळे होत नाही, हे काकांना सांगून उपयोग नसतो. बहुतेक वेळा ते जुन्या वॉशरमुळे होतं. ड्रेन बोल्टखालचा अॅल्युमिनियमचा वॉशर एकदा चेपायसाठीच बनवलेला. तो चेपून दोन्ही पृष्ठभागांच्या बारीक खाचा भरतो, म्हणून ऑइल अडतं. चेपलेला वॉशर परत लावला की त्याच्याकडे चेपायला काही शिल्लकच नसतं, मग माणूस ती कसर मनगटाने भरून काढतो. नवा वॉशर काही रुपयांना मिळतो. क्रँककेसला, म्हणजे बोल्ट बसतो त्या इंजिनाच्या पेटीला, नवे आटे पाडून घ्यायला किती लागतात, ते मेस्त्री तोंड बघून ठरवतो.

आटे जातात तो क्षण हाताला स्पष्ट कळतो. पाना जड होत जातो, जड होत जातो, आणि मग अचानक हलका. वर ठसठशीत बोल्ट तसाच दिसतो, पण तो आता फिरतच राहतो, डावीकडेही आणि उजवीकडेही. काढून बघितला तर त्याच्या आट्यांत चंदेरी तारेची वेटोळी अडकलेली असतात. ती तार म्हणजे तुमचं इंजिन. बोल्ट पोलादी, क्रँककेस अॅल्युमिनियमचा. या मारामारीत कोण हरणार ते आधीच ठरलेलं. पुढे हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी, आणि हेलिकॉइल बसवणारा रविवारी नसतो. इतर दिवशी दुपारी एक ते चार नसतो.

खरं तर बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. पण हाताचा जोर सगळा तिथे पोचत नाही. ढोबळमानाने निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालचं घर्षण खातं, चाळीसेक टक्के आट्यांतलं घर्षण, आणि राहिलेले दहा टक्के खऱ्या कामाला लागतात. म्हणूनच आट्यांना ग्रीस चोपडणारे भले लोक घात करतात. घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. इथल्या खाऱ्या हवेत गंजाच्या धास्तीने दिसेल त्याला ग्रीस लावायची सवय, त्यात स्पार्क प्लगही सुटत नाही. प्लगच्या आट्यांवर मुळातच गंज न धरणारा मुलामा असतो. एनजीकेसारख्या कंपन्या स्वतःच सांगतात, आमच्या प्लगला वरून काही लावू नका.

प्लग काढण्याआधी भोवतालची लाल धूळ फुंकून काढा, नाहीतर ती थेट सिलिंडरात. नवा प्लग पान्याने सुरू करू नये. रबरी नळीचा एक तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर चढवायचा आणि नळीनेच तो फिरवायचा. आटे तिरके बसले तर नळी घसरते, पाना घसरत नाही. आधी थोडं उलटं फिरवलं की आटे जुळताना हाताला बारीकशी टक् लागते, मग सुलटं. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकला की पान्याने अर्धा फेरा पुरे. जुनाच परत लावत असाल तर फेऱ्याचा बारावा भाग, घड्याळाच्या काट्याच्या भाषेत पाच मिनिटं. काकांचा आवाज येईल. येऊ द्या.

आता टॉर्क पाना, म्हणजे लावलेल्या आकड्याएवढा जोर झाला की क्लिक करणारा. घ्यावा, पण बघून. २८ ते २१० न्यूटन मीटरचा मोठा पाना स्वस्तात मिळाला म्हणून लोक आनंदाने आणतात, आणि प्लगला लागतात दहा-बारा. तो पाना तिथे क्लिक करणारच नाही, क्लिकची वाट बघता बघता प्लगचा गळा तुटेल. एकक दोनदा वाचावं. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन मीटर. १२ चा आकडा चुकीच्या पट्टीवर लावला की दहापट जोर. पाना मुठीत धरून संथ ओढायचा, झटका द्यायचा नाही. क्लिक ऐकू आलं की थांबायचं. खात्रीसाठी आणखी दोनदा क्लिक ऐकणाऱ्यांना मी तरी दुसऱ्यांदा पाना देत नाही. काम झालं की पट्टी सर्वांत खालच्या आकड्यावर आणायची, आणि या पान्याने गंजलेला नट सोडवायचा तर मुळीच नाही.

जोर दाखवायची इतकीच हौस असेल तर मागच्या चाकाचा नट आहे. त्याला बऱ्याच स्कूटरमध्ये शंभराच्या वर न्यूटन मीटर लागतात. एकाने मागचा ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने ओढायचं. ग्रीस एक्सलच्या खाचांना, तेही पुसट, नटाला नाही आणि ब्रेकच्या लायनरला तर चुकूनही नाही. काकांना ब्रेकवर बसवावं. तोंड चालू राहिलं तरी हात गुंतलेले राहतात.

नवं ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच, उरलंय म्हणून बाटली पालथी करायची नाही. एक फेरी मारून यायचं, गाडी थोडा वेळ उभी ठेवायची, खाली पुठ्ठा सरकवून थेंब पडतोय का ते बघायचं, मग डिपस्टिकने ऑइलची पातळी. एव्हाना काका बाटली घेऊन खाली उतरलेले असतात. जळकं ऑइल त्यांना हवं असतं, गोठ्याच्या वाश्यांना वाळवी लागलीय म्हणून. बाटलीचं झाकण तेवढं त्यांना उघडता येत नाही, कोणीतरी फारच घट्ट लावलंय.