तिशीनंतर गेममध्ये रमता येत नाही, हे खरं नाही

“तिशी ओलांडली की गेममध्ये हरवून जाण्याची ताकदच संपते. मेंदूतलं डोपामिन आटतं, कल्पनाशक्ती मरते, गेमही पूर्वीसारखे राहिले नाहीत. मान्य करा आणि कन्सोल विकून टाका.” अशा आशयाचा मजकूर सतत फिरत असतो आणि त्यावर विश्वास ठेवून लोक आपली आवडती गोष्ट कायमची सोडून देतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आधी डोपामिन, म्हणजे उत्सुकता आणि आनंदाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन. वयाबरोबर मेंदूतले डोपामिन रिसेप्टर, म्हणजे डोपामिनचा संकेत टिपणारे भाग, कमी होतात, हे खरं आहे. पण ती घट अनेक दशकं चालणारी, अतिशय संथ असते. शिवाय गेम खेळताना मेंदूत डोपामिन स्रवतं हे दाखवणारा गाजलेला अभ्यास 1998 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला, तेव्हा रणगाड्याचा गेम खेळणारे आठही जण प्रौढ पुरुष होते.

कल्पनाशक्तीचं म्हणाल, तर हीच माणसं रात्री कादंबरी हातात घेतली की पहाटेपर्यंत खाली ठेवत नाहीत. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी 1970 च्या दशकात तल्लीनतेचा अभ्यास केला तो गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यचिकित्सक अशा प्रौढ माणसांवर. तल्लीन व्हायला आव्हान आपल्या कौशल्याच्या तोडीचं लागतं, हे त्यांचं एक महत्त्वाचं निरीक्षण. वीस वर्षं एकाच प्रकारचे गेम खेळलेल्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं की कुठली भिंत चढता येईल, कुठलं पिंप फुटेल आणि सोबतचं गोड बोलणारं पात्र कधी उलटेल. कौशल्य वाढलं, आव्हान तिथंच राहिलं. म्हणून कंटाळा येतो. आयुष्यभर नेमबाजीचेच गेम खेळलेल्याने ज्यातलं ओ की ठो कळत नाही असा एखादा गेम घ्यावा. पुन्हा नवशिका होता येतं, आणि त्यात फार मजा आहे.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि या मजकुरात तिचा उल्लेखही नसतो. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये प्रयोगांतून मांडलं. मोठी माणसं खेळायला बसतात ती बहुधा अशीच: उत्तर न दिलेला मेल डोक्यात, फोन मांडीवर, उद्याचा गजर लावलेला. हाती पाऊण तास, त्यातला बराचसा अपडेट उतरवण्यात जातो. वेळ वाया जाऊ नये म्हणून शेजारी वॉकथ्रू, म्हणजे गेम कसा पार करायचा हे पायरीपायरीने सांगणारं मार्गदर्शन, उघडं. रमलं की वेळेचं भान सुटतं, पण ज्याला ते सुटू देणंच परवडत नाही, तो रमणार कसा? लहानपणी एकच गेम महिनोन्‌महिने पुरवावा लागे. आता न खेळलेल्या गेमची यादी समोर असते आणि एक खेळताना दुसरा खुणावत राहतो.

“गेमच बिघडले” यात थोडं तथ्य आहे. 2002 च्या मोरोविंड या गेममध्ये पात्रं रस्ता शब्दांत सांगायची: नदी ओलांड, मग डावीकडे वळ. त्यामुळे नजर भूप्रदेशावर राहायची. 2011 च्या स्कायरिममध्ये दिशादर्शक पट्टीवर खूण तरंगते आणि खेळाडू त्या खुणेकडे चालत राहतो. खूण बंद केली तरी अनेकदा पात्रं रस्ता सांगतच नाहीत, त्यामुळे पंचाईत होते. पण 2019 च्या आउटर वाइल्ड्समध्ये पुढे जायचं ते केवळ तुम्हाला काय उमगलं त्याच्या बळावर. शोधणाऱ्याला असे गेम आजही सापडतात.

तेव्हा कन्सोल विकण्याआधी एक मोकळी दुपार काढा. फोन दुसऱ्या खोलीत, वॉकथ्रू बंद, गेम अनोळखी. पहिल्याच बैठकीत निकाल लावू नका.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. गेमच नव्हे, तर गाणी, जेवण, जिवलगांच्या गप्पा, कशातच आनंद वाटेनासा झाला असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला “वय झालं, मान्य कर” असं सांगू नका, डॉक्टरकडे घेऊन जा.