तीमथ्याची सुंता झाली, तीताची नाही

तारण देवाच्या कृपेने होतं की नियम पाळून, हा ‘कृपा की नियम’ विषय मंडळीत (चर्चमध्ये) निघाला की दोन्ही बाजूंची वचनं ठरलेली असतात. एक जण इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडतो (तारण कृपेने, कर्मांनी नव्हे), दुसरा याकोबाच्या पत्राचा (कर्मांवाचून विश्वास निर्जीव). तासाभराने दोघेही जिथल्या तिथे. मला मात्र या बाबतीत प्रेषित पौलाचे दोन निर्णय जास्त बोलके वाटतात.

तीत हा ग्रीक विश्वासणारा. पौल त्याला यरुशलेमला घेऊन गेला तेव्हा त्याची सुंता, म्हणजे यहुदी असण्याच्या खुणेचा विधी, व्हावी असा दबाव आला, आणि पौल घटकाभरही नमला नाही (गलती 2). पण प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये तोच पौल आपला सहकारी तीमथ्य याची सुंता करतो! आई यहुदी, बाप ग्रीक. त्या भागातल्या यहुद्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांच्यातच काम करायचं होतं. विधी तोच, निर्णय नेमका उलटा. याला दुटप्पीपणा म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. तीतापुढे अट ठेवली जात होती: हे केल्याशिवाय तू पुरता आमच्यातला नाहीस. तीमथ्यापुढे अशी अट नव्हती, समोरच्यांसाठी सोसलेली अडचण होती.

म्हणून किती नियम पाळतो यावरून कोणी कर्मठ ठरत नाही. पहाटे उठून प्रार्थना करणारा, दशांश पै-पैचा देणारा माणूस कृपेतच जगत असू शकतो. (आमच्यातले काही ‘कृपावाले’ अशा माणसाकडे ज्या नजरेने बघतात, ती मात्र अस्सल परूश्याची, नियमशास्त्राचा कडक आग्रह धरणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाची.)

लूक 18 मधला परूशी आठवड्यातून दोनदा उपास करायचा. मोशेच्या नियमशास्त्रात सगळ्यांना सक्तीचा असा उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवशी. म्हणजे तो मागितलं त्याहून पुष्कळ जास्त देत होता. बिनसलं कुठे, तर त्याची प्रार्थना शेजारच्या जकातदाराकडे, लोकांच्या लेखी पापी असलेल्या माणसाकडे, बघत चालली होती. आणि आपण हसू नये. आरंभीच्या मंडळीच्या ‘दिदाखे’ या पुस्तिकेत सांगितलंय की ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. वार बदलले की झालं!

अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र याचं काय झालं ते बघा (हेही गलती 2 मध्येच). परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर तो जेवत होता. यरुशलेमच्या याकोबाकडची यहुदी माणसं आली आणि तो हळूच मागे सरला. शिकवण त्याने बदलली नाही, एक शब्दही चुकीचा बोलला नाही. फक्त पंगत बदलली. त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबासुद्धा वाहवला. पौलाने सगळ्यांदेखत त्याला धरलं ते यासाठीच. विश्वासाने तारण होतं हे तोंडाने म्हणत राहून जेवताना ते खोडता येतं.

लूक 19 मधल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराच्या बाबतीत क्रम उलटा आहे. येशू आधी त्याच्या घरी उतरतो, ‘आधी लुबाडलेलं परत कर’ असं म्हणत नाही. मग जक्कय आपणहून उठतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि लुबाडलं असेल त्याला चौपट. आपणहून कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढंच नियमशास्त्रातल्या गणना 5 मध्ये आहे. चौपट हा निर्गम 22 मधला मेंढरू चोरून कापणाऱ्याचा दंड. तो जक्कयाने स्वतःच स्वतःला लावून घेतला. कृपा सांगितली की लोक मोकाट सुटतील, असं म्हणणाऱ्या वडीलजनांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा.

‘करिंथच्या मंडळीत पौलानेच एकाला बाहेर काढायला लावलं ना?’ हो, लावलं. पण तो बापाच्या बायकोशी संबंध ठेवणारा होता, आणि शिक्षेचा हेतूही त्याचा आत्मा तरावा हाच होता. त्याच मंडळीला दुसऱ्या पत्रात पौल शिक्षा झालेल्या एका माणसाबद्दल लिहितो: आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. शिस्तीच्या बैठकांत पहिलं पत्र दर वेळी वाचलं जातं. दुसरं वाचलेलं मी फारसं ऐकलेलं नाही.