कॅन्ससच्या पाण्यात संताजी

केंटकीतून कोलोरॅडोला बदली झाल्याचं घरी सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "तिकडे गवत कसलं मिळतं?" पगाराचा विषय निघायला दुसरा दिवस उजाडला.

आमच्याकडे दोन घोडे आहेत. हे वाक्य मी अजूनही जरा खाली बघूनच बोलतो. कारण ऐकणारा मराठी माणूस लगेच माझ्या मागे वाडा, जमीनजुमला आणि बंदुकीचा परवाना शोधायला लागतो. प्रत्यक्षात मी डोंबिवलीचा, संगणकावर बसून पोट भरणारा माणूस. पण लेक्सिंग्टनमध्ये राहायचं आणि घोड्यांपासून लांब राहायचं हे कठीण. गावाबाहेर पडलं की मैलोनमैल पांढरी-काळी कुंपणं आणि आत आमच्यापेक्षा चांगल्या घराण्यातले घोडे. शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड तिथे घेताना स्वस्त पडतात. पाळताना काय पडतात ते माझ्या बँकेला विचारा. मुलीच्या हट्टापायी असा एक आला. कागदावरचं त्याचं नाव शर्यतीच्या नियमाप्रमाणे मोकळ्या जागांसकट अठरा अक्षरांत कोंबलेलं आहे आणि ते कुणीही घेत नाही. सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर पाहताक्षणी "सर्जा" म्हटलं, तेच राहिलं. मग कळलं की घोडा कळपातला प्राणी, त्याला एकटं ठेवलं तर तो झुरतो. म्हणून सोबतीला एक तट्टू आणलं. त्याचा घेर पाहून मुलीने नाव ठेवलं लाडू. घोड्याला कंपनी म्हणून घोडा हा हिशेब मी लग्नाच्या आधी कुणाच्या तोंडून ऐकला असता तर पत्रिका पुन्हा तपासली असती.

बायको शहाद्याची. सारंगखेड्याची यात्रा तिथून हाकेच्या अंतरावर. सासरे दर दत्तजयंतीला तापीकाठी घोडे बघायला जाणार, घेणार काहीच नाहीत, पण प्रत्येक घोड्याचे दात बघून येणार. तेव्हा आमच्या घरात घोड्यांविषयी मत नसलेला माणूस मी एकटाच.

स्थलांतराची सुरुवात कागदांपासून झाली. अमेरिकेत माणूस गाडीत बसून एका राज्यातून दुसऱ्यात गेला तर त्याला कुणी हटकत नाही. घोड्याला कागद लागतात. पहिला, कॉगिन्स तपासणीचा. कॉर्नेल विद्यापीठातल्या लेरॉय कॉगिन्स यांनी १९७० च्या सुमारास ही रक्ततपासणी शोधून काढली. घोडमाश्यांच्या चाव्यातून पसरणारा रक्तक्षयाचा एक रोग आहे, त्यावर औषध नाही. तपासणीत घोडा सापडला तर त्याला मारायचं, नाहीतर जन्मभर इतर घोड्यांपासून २०० यार्ड लांब ठेवायचं. दुसरा कागद, पशुवैद्याने तपासून दिलेला आरोग्याचा दाखला. तो ३० दिवसांत शिळा होतो. म्हणजे घर विकलं जाण्याची तारीख, सामानाच्या ट्रकची तारीख, शाळा सुटण्याची तारीख आणि माझ्या रुजू होण्याची तारीख या सगळ्यांनी घोड्याच्या दाखल्याभोवती रिंगण धरायचं.

कॉगिन्सच्या कागदावर घोड्याची ओळख पटवावी लागते. कपाळावरचा ठिपका, पायातले पांढरे मोजे आणि अंगावरचे भोवरे. डॉक्टरीणबाई भोवरे टिपत होत्या आणि इकडे फोनवर सासरे. "जावईबापू, कॅमेरा गळ्याजवळ न्या. देवमण, तो गळ्यावरचा शुभ भोवरा, आहे का बघू द्या." मी कॅमेरा गळ्याजवळ नेला. सर्जाने तो चाटला. "आहे, आहे!" सासरे म्हणाले, "प्रवास सुखाचा होणार." डॉक्टरीणबाईंनी ते काय म्हणतात असं विचारलं. मी म्हणालो, माझे सासरे दुसरं वैद्यकीय मत देत आहेत.

याच सुमारास कंपनीच्या वकिलाचा मेल आला. मी एच-१बी या कामाच्या व्हिसावर. कामाचं शहर बदलतंय म्हणजे सरकारकडे दुरुस्तीचा अर्ज आधी गेलाच पाहिजे. त्याने मागितलेल्या कागदांची यादी घोड्यांच्या यादीपेक्षा लांब होती. माझे भोवरे तेवढे कुणी मागितले नव्हते. जेवणाच्या टेबलावर दोन फाइली, एक पिवळी आणि एक निळी. बायको एकदा निळीतला कागद उचलून म्हणाली, "यावर तापमान लिहिलेलं नाही." तो माझा पगाराचा दाखला होता.

महाराष्ट्र मंडळातल्या निरोपाच्या जेवणात सगळ्यांनी सल्ले दिले. "विकून टाका, तिकडे नवे घ्या" हा सल्ला मुलगी पाण्याला गेलेली असताना दिला गेला म्हणून देणारा वाचला. इतिहासाची आवड असलेले एक काका म्हणाले, "अहो, १७५८ साली आपली घोडी पुण्याहून निघून अटकेला पोहोचली. तुम्हाला हे हजार-बाराशे मैल काय?" खरं आहे. पण राघोबादादांना नर्मदेच्या घाटावर कुणी ३० दिवसांच्या आतला दाखला मागितला नसावा. शिवाय त्यांच्याबरोबर घोड्यांची उस्तवार करायला मोतद्दार होते. आमच्याकडे मोतद्दार मी.

घोडे पोहोचवून देणाऱ्या कंपन्या असतात, पण मुलीने "मग मलाही त्याच ट्रकमध्ये पाठवा" म्हटल्यावर तो विषय संपला. ट्रेलर होता, तो ओढायला दणकट पिकअप घेतला आणि तालमी सुरू झाल्या. तालीम म्हणजे घोड्याला ट्रेलरमध्ये चढायला शिकवणं. सर्जा शर्यतीच्या धंद्यात वाढलेला, तो बोर्डिंग पास असल्याप्रमाणे चढायचा. लाडू मात्र फळीवर पुढचे दोन पाय ठेवून थांबायचा आणि आसमंत न्याहाळायचा. मी डोंबिवलीत वाढलो. चढायला न मिळणं हाच माझ्या लेखी प्रवासाचा मूळ प्रश्न. समोर अख्खा डबा रिकामा असताना चढायला नकार देणारा प्रवासी मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. माझ्या हातात दाण्याची बादली, बायको मोरकी धरून, मुलगी मागून चुचकारतेय आणि लाडू विचारात. शेवटी त्याचं रोजचं जेवण ट्रेलरच्या आतच द्यायला सुरुवात केली. आठवडाभरात लाडू ट्रेलरमध्ये इतका रमला की उतरायला नकार देऊ लागला.

सामान भरताना आमच्या घरातली खरी उतरंड उघड झाली. घोड्याच्या आतड्यातले जंतू ठरावीक गवताला सरावलेले असतात. चारा एकदम बदलला तर पोट बिघडतं. आणि घोड्याला उलटी करता येत नाही. जे बिघडतं ते आतच राहतं, त्यात घोडा दगावतोही. म्हणून जुन्या गावचं गवत बरोबर न्यायचं आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू नव्यात मिसळत जायचं. हे मला पटलं. पटलं नाही ते एवढंच, की गवताच्या गासड्यांना जागा करण्यासाठी माझ्या पुस्तकांची खोकी गॅरेज सेलमध्ये गेली. दिवाळी अंकांवर मी अडून बसलो तेव्हा बायको म्हणाली, "ते सर्जा खाणार आहे का?"

जड घोडा नेहमी ट्रेलरच्या डाव्या अंगाला उभा करतात. इथले रस्ते मधे उंच आणि उजव्या कडेला उतरते, त्यामुळे वजन डावीकडे असलेलं बरं. सर्जा ५०० किलोंचा, म्हणून तो माझ्या पाठीमागे. अख्ख्या प्रवासात मी ब्रेक दाबला की मागून एक टाप ऐकू यायची. मी आजवर अनेकांच्या गाड्यांत बसून त्यांच्या ब्रेकवर नापसंती दाखवली आहे, पण इतकी स्पष्ट कधी नाही.

लेक्सिंग्टन ते सेंट लुइस ६४ नंबरचा रस्ता, तिथून थेट डेन्व्हरपर्यंत ७० नंबरचा. दर तीन-चार तासांनी थांबायचं, पाणी दाखवायचं, डोकं खाली करू द्यायचं. घोड्याचं डोकं तासन् तास वर बांधून ठेवलं तर श्वासातली घाण खाली उतरत नाही आणि फुप्फुसं धरतात. या थांब्यांवर पेट्रोल पंपावरचे सगळे लोक गोळा व्हायचे आणि घोड्यांशी बोलायचे. आमच्याशी कुणी बोलत नसे. एका थांब्यावर माझी ऑफिसची रोजची मीटिंग होती. काल काय केलं, आज काय करणार, काही अडथळा? मी म्हणालो, अडथळा नाही. तेवढ्यात लाडू खिंकाळला. मॅनेजर म्हणाला, "पुढच्याचं काय?"

मिसुरीपर्यंत सगळं ठीक होतं. कॅन्ससमध्ये सर्जाने पाणी बंद केलं.

वाटेत घोड्यांसाठी मुक्कामाची सोय असते. घोड्यांना स्वच्छ तबेला, भुशाचं अंथरूण, मोकळं मैदान. माणसांनी हवं तर गाडीत झोपावं. तिथे उतरल्यावर सर्जासमोर बादली ठेवली. त्याने वास घेतला, मान वर केली, कान मागे टाकले आणि बादलीकडे असं पाहिलं की आत कुणीतरी आहे. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे हे आम्ही शाळेत शिकलो. ती बखरकारांची अतिशयोक्ती असेल असा माझा समज होता. कॅन्ससमध्ये तो गेला. त्या घोड्यांच्या मोतद्दारांचं रात्री काय झालं असेल, ते मात्र शाळेच्या पुस्तकात कुठेच नव्हतं.

दोष सर्जाचा नव्हता. केंटकीचं पाणी चुनखडीतून झिरपून येतं. तिथले लोक त्याच्या जोरावर घोड्यांची हाडं आणि आपली बर्बन व्हिस्की दोन्ही मिरवतात. त्यावर वाढलेल्याला हे क्लोरिनचं पाणी काय आवडणार! दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पिणारा जीव एकदम सोवळ्यात गेला. यावरचा उपाय डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवला होता: निघण्याआधीपासून पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालायचा, म्हणजे कुठलंही पाणी एकाच चवीचं लागतं. आम्ही ते केलंही होतं. पण बरोबर घेतलेला रस लाडूने तोंडाने झाकण उघडून संपवला होता. मग रात्री मी आणि मुलगी त्या गावात सफरचंदाचा रस शोधत फिरलो. दुकानदाराने लहान बाळ आहे का विचारलं. मुलगी म्हणाली, हो, बारा वर्षांचं आहे.

रस आला, गवत भिजवून दिलं, बायको स्टेथोस्कोप लावून सर्जाच्या पोटात गुडगुड ऐकत बसली. आतडी चालू आहेत की नाही हे आवाजावरून कळतं. मध्यरात्री कधीतरी मुलगी ओरडली, "बाबा, लीद पडली!" आम्ही तिघंही धावलो. मी त्या लिदेचा फोटो काढून डॉक्टरीणबाईंना पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला. मग तोच फोटो शहाद्याला गेला. तिथे सकाळ झाली होती. सासऱ्यांनी तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि चुलत-मावस मिळून सर्वांनी हात जोडले.

पुढचा कॅन्सस म्हणजे वारा. ट्रेलर शिडासारखा फुगू पाहतो, आपण दोन्ही हातांनी चाक धरून बसायचं आणि मागून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला वाट द्यायची. गुडलंड गावात ८० फुटी ईझलवर व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांचं अवाढव्य चित्र उभं केलंय, तेवढं बघितलं. या गावाच्या थोडं आधीच घड्याळ तासभर मागे जातं. लाडूचं जात नाही. जेवणाच्या जुन्या वेळेला त्याने ट्रेलरच्या भिंतीवर लाथा घातल्या आणि आम्ही कॅन्ससच्या सरकारी वेळेचा अवमान करून त्याला गवत दिलं.

कोलोरॅडोत शिरलो की समोर पर्वत उभे राहतील अशी माझी कल्पना होती. तसं काही होत नाही. कितीतरी मैल कॅन्ससच चालू राहतो, फक्त पाटी बदलते.

घराची गंमत वेगळीच. घोड्यांना जागा हवी म्हणून आम्ही डेन्व्हरच्या आग्नेयेला, एल्बर्ट काउंटीच्या बाजूला, थोडी जमीन असलेलं घर बघत होतो. एक फारच आवडलं. तबेला होता, कुंपण होतं, बोअर होती. दलाल म्हणाला, "एकच आहे. ही बोअर फक्त घरगुती वापराची आहे." या कोरड्या राज्यात पाणी जमिनीबरोबर येत नाही, हक्काने येतं, आणि ज्याचा हक्क जुना तो आधी पितो. ३५ एकरांहून लहान जमिनीवरच्या बोअरला पुष्कळदा फक्त घरातल्या वापराचा परवाना असतो. स्वयंपाक करा, आंघोळ करा. बागेला पाणी नाही, जनावराला नाही. पावसाचं पाणी साठवायलासुद्धा २०१६ साली कायदा करावा लागला, आणि तोही दोन पिंपांपुरता, मिळून ११० गॅलन. बायकोने शांतपणे विचारलं, "घोडा स्वयंपाकघरात येऊन प्यायला तर?" दलाल थांबला. त्याला हा प्रश्न कायद्याचा वाटला की आमच्या संस्कृतीचा, ते कळलं नाही.

तेव्हा आम्ही बागेशिवायच्या साध्या घरात राहतो आणि घोडे काही मैलांवर एका सशुल्क तबेल्यात, जिथे पिण्याचा हक्क त्यांना आहे. माझं पहिलं मुंबईतलं घरभाडं सर्जाच्या खोलीपेक्षा कमी होतं आणि खोलीही लहान होती. या मैलभर उंचीवर घोड्यांना सरावायला काही आठवडे लागतात म्हणाले. सर्जा लवकर सरावला. गवताच्या गासड्या उचलताना धाप लागते ती मला.

मग ब्रँड इन्स्पेक्टर, म्हणजे जनावरांवरचे मालकीचे डाग तपासणारे सरकारी अधिकारी, आले. पश्चिमेकडच्या राज्यांत जनावरांच्या चोऱ्या फार जुन्या. त्यामुळे कोलोरॅडोत घोडा विकायचा, ७५ मैलांपलीकडे न्यायचा किंवा राज्याबाहेर काढायचा तर तो तुमचाच आहे हे सरकारने तपासून घ्यायचं असतं. मोठी हॅट घातलेले ते गृहस्थ सर्जाभोवती एक फेरी मारून आले, अंगावर डाग दिलेला नाही हे बघितलं, मालकीचे कागद बघितले, रंग-खुणा लिहून घेतल्या. प्रत्येक प्रवासाला नवा कागद नको असेल तर कायमचं कार्ड मिळतं म्हणाले. बायको म्हणाली, द्या. घोडा जिवंत असेपर्यंत चालतं, मालक बदलला तरच रद्द होतं. हे एकच कलम मला न समजावता कळलं. लाडूचंही लगेच करून दिलं. तो त्या वेळी पेन खात होता.

माझी ग्रीन कार्डाची फाइल भारतीयांच्या रांगेत दहा वर्षांहून अधिक काळ उभी आहे. बायकोने सर्जाचं आणि लाडूचं कार्ड पासपोर्टांच्या डब्यात, सगळ्यांत वर ठेवलं आणि शहाद्याला फोन लावला. सासऱ्यांना फार आनंद झाला.

"म्हणजे सर्जाचं पक्कं झालं?"

"हो, बाबा."

"आणि त्या तट्टाचंही?"

"त्याचंही."

"वा! देवमणाचा गुण." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "जावईबापू, तुमचं हो?"